बुदैयातली पाणचक्की

त्या वर्षी ऑक्टोबर संपत आला तरी उकाडा उतरला नव्हता, आणि मी दमलो होतो. दोन रात्री नीट झोपलं की जातो तसला तो शीण नव्हता. बहरीनला येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. तुबलीतल्या एकाच वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून लागलो, तिथेच फोरमन झालो आणि तिथेच माझे गुडघे कुरकुरायला लागले. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी मी घरी आलो की बायको चहा ठेवायची आणि आम्ही टीव्हीसमोर न बोलता बसायचो. भांडण काही नव्हतं. नवं सांगण्यासारखं दोघांकडेही काही नसायचं, एवढंच.

अशात आमच्या वर्कशॉपकडे एक काम आलं. बुदैयाकडे एका म्हाताऱ्या बहरीनी गृहस्थांची खजुराची बाग होती. थंडीच्या दिवसांत सुट्टीला तिथे त्यांचा गोतावळा जमायचा, शेजारपाजारचीही मंडळी यायची. त्यांना बागेत पाण्यावर फिरणारी चक्की हवी होती. माप घ्यायला वर्कशॉपच्या मालकाने मला पाठवलं. बागेच्या त्या गृहस्थांना आम्ही सगळे हाजी म्हणायचो. हाजींनी मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. हिरवी टेकडी, तिच्या पायथ्याशी लाकडी घर, घराच्या कडेला उभं मोठं चाक आणि त्यावर पडणारं पाणी. हे कुठल्या देशातलं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"अशी ताहूना बनवायची," ते म्हणाले. ताहूना म्हणजे चक्की. त्यांचं हिंदी जुन्या व्यापाऱ्यांकडून शिकलेलं, माझी अरबी वर्कशॉपमधली, त्यामुळे आमचं बोलणं त्या दोन्हींच्या मधून कुठूनतरी चालायचं.

मी टेप गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेलो, "आमच्या घरची होती अशी चक्की. पाण्यावरची."

हाजी थांबले. "कुठे? हिंदमध्ये?"

"हो. आमच्या गावात, डोंगरात. माझ्या पणजोबांनी बांधली होती."

"मग तुझ्या घरची बनव ना, सदीक!" सदीक म्हणजे दोस्त.

"तिचं चाक दिसत नाही, हाजी. ते खाली आडवं असतं, जमिनीच्या पोटात. वरून नुसतं जातं फिरताना दिसतं."

"मग माणसं बघणार काय?" ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा चित्राकडे बोट दाखवलं. "चाक हेच. आतली चक्की तुझी. मला नुसतं पाणी उडवणारं खेळणं नको, तिच्यातून पीठ आलं पाहिजे. इंशाल्ला, होईल."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, गप्प बसायचं ना. आता सुट्टीचे सगळे शुक्रवार त्या बागेत जातील तुमचे."

तिचं खरंच होतं. पण बोलून झालं होतं, आणि मनात दुसरीच अडचण उभी राहिली होती. आमच्या चक्कीबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. ती बंद पडली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. आठवत होती ती अंधारी कोंदट जागा, पोत्यांवर बसून नंबर यायची वाट बघणारी माणसं, आणि अनवाणी पायांना लागणारी जमिनीची थरथर. आतलं यंत्र कसं होतं, ते कोणी आणि का उभं केलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्यात वडलांना असलं काही विचारायची पद्धत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी गावी फोन लावला. सातारा जिल्ह्यात पार डोंगराला टेकलेलं आमचं गाव, तिथे वडील माझ्या थोरल्या भावाकडे राहतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ऐंशी ओलांडलेली, ऐकू कमी येतं, म्हणून वहिनी फोन त्यांच्या कानाशी धरते आणि व्हिडिओवर मला बहुतेक वेळा त्यांचा कानच दिसतो.

"आबा, आपली चक्की कशी होती ते सांगा."

"कशाची पक्की?"

"चक्की! ओढ्यावरची!"

बराच वेळ कान तसाच दिसत राहिला. मग आवाज आला, "मेलेल्या चक्कीचं काय काढलंयस आता?"

मी बागेतल्या कामाचं सांगितलं. ते त्यांना फारसं कळलं नसावं. पण परदेशात कोणाला तरी आपली चक्की हवी आहे एवढं कळलं, आणि ते बोलायला लागले. त्या दिवशी थोडं, पुढच्या शुक्रवारी थोडं, असं करत त्यांनी मला ती सगळी हकिकत सांगितली.

माझे पणजोबा पलटणीत होते. उत्तरेकडे हिमालयाच्या डोंगरांत त्यांची पलटण होती. तिथे ओढ्याओढ्यावर लोकांच्या चक्क्या असायच्या. रिकामा वेळ मिळाला की पणजोबा तिथे जाऊन बघत बसायचे. थंडीने त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली आणि त्यांना घरी पाठवलं. त्या काळी आमचं गाव म्हणजे गावच नव्हतं. खालच्या मोठ्या गावातून भांडून वर आलेली पाच-सात घरं, रान तोडून नवी केलेली शेतं आणि बारमाही वाहणारा एक झरा. त्या झऱ्याच्या भरवशावरच लोक वर आले होते. बाया पहाटे जात्यावर बसायच्या. पण रान तोडायला, लावणीला बायाही लागायच्या, आणि नाचणी दळून हात भरून आले की दिवसभर खुरपं धरवत नसे.

"म्हातारा लंगडत आला आन् म्हणाला, आपन वढ्याला दळायला लावू," आबा म्हणाले. "लोक हसलं. म्हनलं, बर्फानं ह्येची बोटंच न्हाई, डोकं बी गेलं."

पणजोबांनी पाट खणला, आंब्याचं खोड कोरून त्याची पन्हळ केली आणि बाभळीच्या पात्यांचं आडवं चाक बसवलं. खालचा दगड पक्का, वरचा फिरता. वर दोरीने टांगलेलं, दाणे ओतायचं चाडं. चाड्याला बांधलेली एक काठी फिरत्या दगडावर टेकवलेली. दगड फिरला की काठी थडथडायची आणि चाड्यातून दाणे थोडे थोडे आत पडायचे. पहिल्या पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला आणि चाक, पन्हळ सगळं वाहून गेलं. पणजोबांनी दुसऱ्या वर्षी सगळं पुन्हा केलं, या वेळी ओढ्यापासून जरा लांब, झऱ्याचं पाणी वळवून.

चक्की फिरली तरी बाया येईनात. पाण्याने दळलेलं पीठ थंड असतं, ते पोटात बाधतं, पोरांना खोकला होतो, असं एकीने म्हटलं आणि सगळ्यांनी धरलं. शेवटी पणजीने चक्कीच्या दारातच चूल मांडली. येईल जाईल त्याच्या समोर त्याच पिठाची भाकरी थापायची आणि आधी आपल्या तान्ह्या पोराच्या तोंडात घास घालायची. ते तान्हं पोर म्हणजे माझे आजोबा. ते काही खोकले नाहीत. मग एक बाई आली, तिच्यामागे दुसरी आली, आणि दोन-तीन वर्षांत पलीकडच्या खोऱ्यातून लोक डोक्यावर दळण घेऊन यायला लागले. दळणावळीला मापट्यामागे मूठभर पीठ. नंबर येईपर्यंत लोक तिथेच मुक्काम करायचे. माझ्या आजीचं स्थळ तिथेच पोत्यावर बसून ठरलं.

हे सगळं ऐकून मी फोन ठेवायचो आणि बुदैयाला जायचो.

बागेतलं काम रखडत चाललं होतं. उभं चाक करणं अवघड नव्हतं. आमच्या केरळी सुताराने लाकूडकाम झकास केलं होतं. जात्याचे दगड हाजींनीच काढून दिले, त्यांच्या आजीच्या हातचं जुनं जातं. पण पाणी कमी पडत होतं. टाकीतलं पाणी पंपाने वर चढवायचं, ते चाकावर सोडायचं, खाली पुन्हा टाकीत घ्यायचं, अशी व्यवस्था होती. नुसतं चाक छान फिरायचं. जातं जोडलं की चाक अर्धा फेरा घेऊन थांबायचं. मी दात्यांची चाकं बदलली, जात्याचा वरचा दगड जरा उचलून पाहिला. मोठा पंप लावला तर वाऱ्याने पाणी बाहेर उडायचं आणि दुपारपर्यंत टाकी निम्मी व्हायची. तीन शुक्रवार त्यात गेले. पाठ धरली होती. मालक रविवारी कामावर गेलो की विचारायचा, "खलास?" आणि मी मान हलवायचो.

एका शुक्रवारी हाजी माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसले. मी वैतागून पाणी कमी पडतंय म्हणालो, तर त्यांनी हातातल्या काठीने बागेच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे दगडी कठडा असलेला खोलगट खड्डा होता, आत वाळलेल्या झावळ्या पडल्या होत्या.

"तो आमचा झरा होता," ते म्हणाले. "पंप नाही, काही नाही. पाणी आपोआप वर यायचं. मी त्याच्यात पोहायला शिकलो. सगळ्या बागेला त्याचे पाट जायचे. मग आजूबाजूला विहिरी झाल्या, आमच्याही झाल्या. पाणी आधी खाली गेलं, मग खारट झालं, मग आलंच नाही. कोणत्या दिवशी बंद झालं तेही मला सांगता येणार नाही. आम्ही कामात होतो."

ते शांतपणे बोलत होते. मी पाना खाली ठेवला आणि आम्ही दोघं थोडा वेळ त्या चाकाकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टीच होती. आबांना फोन लावला तेव्हा मी त्यांना हाजींच्या झऱ्याचं सांगितलं. म्हटलं, "आपलंही तसंच झालं ना आबा? बाजारात डिझेलची गिरणी आली आणि आपली चक्की बंद पडली."

माझी लहानपणापासून तीच समजूत होती. गावात सगळे तेच सांगायचे.

वहिनी मागून म्हणाली, "आबा, ऐकू आलं का?"

"आलं," ते म्हणाले. मग त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. पडद्यावर पहिल्यांदाच कान जाऊन त्यांचा चेहरा आला, तोही फार जवळून. "गिरणीनं न्हाई बंद पडली आपली चक्की. गिरणी चार मैलावर व्हती, डोंगर उतरून कोन जातंय? म्या बंद केली."

"तुम्ही?"

"तवा म्या पंच व्हतो. नळपाण्याची योजना आली गावाला. सायब म्हनला, टाकीला बारमाही पाणी लागतंय, तुमच्या झऱ्याबिगर दुसरीकडं न्हाई. झरा आपल्या रानात. दिला असता तर चक्कीला थेंब राहत न्हवता. तुज्या आजानं सांगितलं, द्यायाचा न्हाई. माज्या बापानं बर्फात पाय घालवून शिकून आनलंय, म्हनला, आन् तू एका सहीनं घालवनार? गावकीतली निम्मी लोकं त्येच्याच बाजूला. चक्की गेली तर दळायला कुठं जायाचं?"

"मग?"

"मग काय. तुजी आई सहा म्हैन्यांची गरवार व्हती, तुजा धाकटा भाऊ पोटात. झऱ्याचं पाणी सगळं चक्कीला वळवल्यालं, गावाला प्यायाचं पाणी भरायची जागा पार खालच्या अंगाला, चढ तर तुला ठावं हाय. दोन हंडे डोक्यावर, एक कमरंवर. त्या वर्षी चढावर पाय घसरून पडली. प्वार गेलं."

मला धाकटा भाऊ होणार होता हे मला माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"म्या झरा दिला," आबा म्हणाले. "दारात नळ आला. आन् तुज्या आजानं माज्याशी बोलायचं सोडलं. भाकरी वाढ, बैल बांद, येवढंच. मरस्तवर."

"तुम्ही त्यांना पोराचं सांगितलं नाही?"

"त्याला ठावं व्हतं की. त्योच तुज्या आईला उचलून घरी घेऊन आला व्हता. त्याला बी कळत व्हतं. पर बापाची चक्की व्हती ती. त्याला तरी कसा दोस द्यायाचा? जाऊ दे. ठेव आता. मान दुकाय लागली."

फोन बंद झाला. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती येऊन शेजारी बसली. "आत्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची, कारण खरंच तशी नात्यातली आत्या लागायची. "मुलीच्या वेळी मी माहेरी जायच्या आधी. मला म्हणाल्या, काही जड उचलायचं नाही. आणि मग सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"बायकांना बायकांनी सांगितलेलं असतं ते," ती म्हणाली. "आणि तुम्ही तेव्हा इकडे होतात."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी जात्याला मोटर लावली. फार विचार केला नाही. हाजींना सरळ सांगितलं, की या पाण्यावर चाक फिरेल, जातं फिरणार नाही. जातं मोटरवर चालवतो, मोटर फळीच्या मागे झाकतो. मला वाटलं ते नाराज होतील. त्यांनी खांदे उडवले. "पीठ येईल ना?"

"येईल."

"मग यल्ला, कर."

आबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजी पंपानं पाणी चढवायचं, पाण्यानं चाक फिरवायचं, आन् दळायचं मोटरनं? आरं, मग ते पाणी कशापायी?"

"बघायला, आबा."

"बघायला," ते म्हणाले आणि पुन्हा हसले. त्यांना इतकं हसताना मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी हाजींनी सगळ्यांना बोलावलं. हवा छान गार होती. बागेत चटया टाकल्या होत्या, कॉफीची किटली फिरत होती. मी बायकोला घेऊन गेलो होतो. चाक सुरू झालं तशी माणसं मोबाइल काढून पुढे सरकली. मी आत जाऊन जातं सुरू केलं, गव्हाची पहिली ओंजळ घातली आणि आबांना व्हिडिओ कॉल लावला. आधी चाक दाखवलं.

"ह्ये आपलं न्हवं," ते लगेच म्हणाले.

"नाही. आपलं आत आहे."

मी फोन जात्यापाशी नेला. दगडाच्या कडेने पीठ झरायला लागलं होतं. आबा काही वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चिमटीत घे. कसं लागतंय?"

मी पीठ बोटांत घेतलं. "गरम आहे."

"गरम हाय म्हंजी घाई झाली. वढ्याला घाई नसती. हळू कर."

मी फळीमागे वाकून मोटरचा वेग कमी केला. जात्याचा आवाज जड झाला, दगड सावकाश फिरायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा पीठ हातात घेतलं तर ते गार होतं. मी मान वर केली तेव्हा हाजींची थोरली बहीण दारात उभी होती, त्यांच्याहूनही म्हातारी, काळ्या अबायात. ती आत आली, जात्याजवळ खाली बसली, आणि फिरत्या दगडाच्या कडेला पडणारं पीठ तळहाताने गोळा करायला लागली. तिने कोणाला विचारलं नाही. बायको तिच्याजवळ जाऊन बसली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. दोघी मिळून पीठ भरत राहिल्या.

आबा म्हणाले, "कोन हाय ती?"

"बागवाल्या हाजींची बहीण. जातं त्यांच्या आजीचं आहे."

"मग बसू दे तिला," आबा म्हणाले. "फोन ठेव. तुला काम असंल."

निघताना हाजींनी आम्हाला एक पिशवी पीठ दिलं. संध्याकाळी बायकोने त्याच्या पोळ्या केल्या. दगड नवाच चालू झालेला, त्यामुळे बारीक कच आली होती आणि घासाघासाला दाताखाली करकरत होती. आम्ही तरी एकेक पोळी संपवली. उरलेलं पीठ चाळून घ्यावं का टाकावं, यावर ती थोडा वेळ बोलली. मग म्हणाली, "चाळून बघते उद्या."

माझे खांदे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हिद्दला बंदराच्या बाजूला एका गोदामाचे कठडे बसवायचे होते आणि गाडी साडेपाचला येणार होती. मी बूट दाराशी काढून ठेवले, गुडघ्याला तेल लावलं आणि दिवा मालवला. अंधारात बायकोने विचारलं, "त्या पोराचं नाव काही ठरवलं असेल का हो आत्यांनी?"

मला माहीत नव्हतं. आबांना विचारीन म्हटलं. अजून विचारलेलं नाही.